रोजो सरलो, आता हसा

गणपती झाले, पावसाळ्यात बंद असलेली बोट पुन्हा सुरू झाली, आणि मी, माझे यजमान आणि धाकटी बहीण रिबका मालवण सोडून इस्रायलला निघालो. धक्क्यावर शेजारच्या शेवंताकाकी म्हणाल्या, "थंय दर्या आसा मां गो? मगे कसली चिंता!" आई म्हणाली, "रडूचा आसा तां हयच रडून घे." बोटीकडे नेणाऱ्या होडीत बसल्यावरही आम्ही दोघी बहिणी तेच करत होतो.

मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला आमचा बिरड्याचा रोजा आठवत असेल. गावात बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, आमचं एकच घर. जेरुसलेमचं मंदिर पडलं, त्याच्या शोकाचा तो उपास. आणि आम्ही त्याला नाव दिलं ते उपास सोडताना खायच्या वालाच्या बिरड्याचं! दिवसभर आई जमिनीवर बसून डोळे पुसायची. सहा दिवसांनी पौर्णिमा. पंचांग जुळलं तर ती नारळी पौर्णिमाच असे. मग आई आम्हाला ठेवणीतले कपडे घालून दर्यावर न्यायची. काकी हातात नारळ द्यायच्या, आम्ही तो पाण्यात सोडायचो. आई हात जोडत नसे. नुसती म्हणे, "रोजो सरलो, आता हसा गो." कितीतरी वर्षं मला वाटे, हा सण आमच्याच धर्माचा.

इथे हिब्रूच्या वर्गात एकदा बाई सांगत होत्या, रोज्याचा शोक संपला की त्या पौर्णिमेला पूर्वी मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचत. "तुमच्याकडे काय करत?" अखेर मला येणारा प्रश्न! मी हरखून उभी राहिले आणि मोडक्यातोडक्या हिब्रूत म्हणाले, "समुद्राला नारळ देत होतो."

वर्ग खो खो हसला. मागून कुणीतरी विचारलं, "मग तुम्ही ज्यू कसे?"

रिबकाचं लग्न ठरलं होतं, आणि त्या दिवसांत आमच्या लोकांच्या लग्नांआधी धर्मगुरू नेमकी हीच शंका काढत होते. मी घाईघाईने म्हणाले, "आम्ही नाही, शेजारी देत. आम्ही लांबून बघायचो." आणि खाली बसले.

शेजारच्या बाकावरून रिबका उठली. "मी दिलाय," ती म्हणाली. "या हातांनी. रडून झालं की आई आम्हाला हसायला न्यायची."

तिचं लग्न रखडलं. आजीच्या आजीपर्यंत चौकशा झाल्या. नारळामुळे की कसं, देव जाणे. शेवटी झालं तेव्हा मांडवात ती अशी मनमोकळी हसत होती की मला तिच्याकडे बघवेना.

लोक विचारतात, घर कुठलं? मालवणात माझ्या हसण्याचा पुरावा कुणी मागितला नव्हता. इथे मागितला, तर मी ते हसणंच शेजाऱ्यांच्या गळ्यात घालून मोकळी झाले. रिबकाचं घर तिथेही आहे आणि इथेही. मी मात्र अजून त्या वर्गात खालीच बसलेली आहे.