बॅनर आधी, लायसन मागाहून

महाडच्या एसटी डेपोसमोर बॅनर बघितला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या पोलादपूरकडच्या वाडीतली मुलगी, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. खाली लिहिलेलं, 'वैमानिक झाल्याबद्दल जाहीर सत्कार, शिमग्याला, पालखीसमोर.' निमंत्रक वाडीचं मुंबई मंडळ. अहो, झाली कुठे? लायसनच्या चाचणीला पाठवायच्या तिच्या फॉर्मवर माझी सही लागत होती आणि ती मी केलीच नव्हती. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी!

मी विमान चालवायला शिकवतो. ऐकायला भारी वाटतं, ना? आमच्या शाळेत मास्तरला पगार मिळतो तो उडालेल्या तासांचा. वर्गात घसा कोरडा करा, फळ्यावर तीनदा समजावा, त्याचं काही नाही. वारा सुटून विमानं जमिनीवर राहिली की आम्हीही बिनपगारी. मग मास्तर काय करणार? हवा शांत बघून उडतो, विद्यार्थी चुकला की कंट्रोल स्वतः घेतो आणि तास भरतो. आपले तास पुरे झाले की विमानकंपनीत पळतो. कंपन्याही शहाण्या! भरतीला लॉगबुकातले तास मोजतात. ते कसे भरले हे विचारतो कोण?

या मुलीला माझ्याआधी चार मास्तर झाले होते. चौघांच्या चार तऱ्हा. आडव्या वाऱ्यात विमान उतरवायचं मात्र एकानेही शिकवलं नव्हतं. माझ्यासोबत पहिल्यांदा तसा वारा लागला तेव्हा विमान धावपट्टीच्या कडेला सरकू लागलं, आणि पोरीने कंट्रोल सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले. घाबरून नव्हे हो, सवयीने! इथून पुढचं मास्तर करतात, एवढंच ती शिकली होती.

शिमग्याला मीही गावी गेलो. पालखी बसते त्या सहाणेजवळच तिचे वडील मला आडवे आले.

"एक सही तर हवी हाय, सायेब. आपल्या गावचे असून तुमीच पाय ओढता? मुंबैची सगळी माणसं आलीत, त्यांना काय सांगू?"

"सांगा, पोरीला अजून उतरवता येत नाही म्हणून!" मी चारचौघांत ओरडलो. "उद्या मागे शंभर माणसं बसतील, तेव्हा कोणाकडे बघायचं?"

"जळतोय मेला," मागून कोणीतरी म्हणालं. सत्कार झालाच. शाल घेताना मुलीने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

आठवड्याने शाळेत गेलो तर फॉर्मवर सही झालेली. कोणाची? विमानात तिच्या शेजारी एकदाही न बसलेल्या दुसऱ्या मास्तरची. शाळा चालवणारे आमचे साहेब म्हणाले, "तुझे विद्यार्थी वाटून टाकलेत. तू बस तत्त्वं कुरवाळत." म्हणजे माझा महिना कोरडा. च्यायला, चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि खरं सांगतो, क्षणभर वाटलं, करून टाकायला हवी होती सही, आपल्या बापाचं काय जातंय? त्याची मला अजून लाज वाटते.

दुपारी ती मुलगी आली. हातात तोच फॉर्म.

"सर, परवा चाचणी आहे. वारा पडलेला असला तर पास होईन मी."

"मग हो की पास," मी तिरसटून म्हणालो. "माझ्याकडे कशाला आलीस?"

साहेबांच्या केबिनचं दार उघडंच होतं. तिथेच उभी राहून तिने तो फॉर्म उभा फाडला, मग आडवा फाडला. साहेब खुर्चीतून उठले.

"वाडीत सांगेन, नापास झाले म्हणून," ती मला म्हणाली. "तुम्ही मला उतरवायला शिकवा."