देवघराची भिंत

अप्पांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या बसमध्ये होते. “आत्या गेली. निघ,” एवढंच म्हणाले. मला रडू आलं नाही. आता मागच्या दाराला कडी लागेल, हेच आधी मनात आलं...

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. सीमाभागात, राजेश्वरजवळच्या आमच्या गावात, घराला खेटून असलेल्या सरकारी मराठी शाळेत शिकवण्यात तिनं आयुष्य काढलं. गावात लग्न असलं की ती मांडवात जाऊन सांगायची, टॉवेल-टोपीचा आहेर पुरे, शाळेला काहीतरी द्या. “बाई, आहेरात खिडकी द्यायची व्हय?” लोक हसायचे, पण द्यायचे. खिडक्या आल्या, काळे फळे आले, गळक्या वर्गावर पत्रे आले. मुलींचं स्वच्छतागृह मात्र झालं नाही. आवारात त्याला जागा एकच होती, आमच्या देवघराच्या भिंतीलगत. आणि शाळा समितीचे अध्यक्ष अप्पा.

“देवघराला लागून संडास? अक्का, डोकं ठिकाणावर हाय का तुझं?”

“देवाला चालतंय रे. तुलाच चालंना.”

मग ती मधल्या सुट्टीत मुलींना आमच्या मागच्या दारानं घरातल्या संडासाला आणू लागली. त्या मान खाली घालून यायच्या, तशाच जायच्या, आणि त्यांच्या पावलांमागून आई पाणी शिंपडायची. मी व्हॅननं बसवकल्याणच्या इंग्रजी शाळेत जायची. तिथं ओळीनं स्वच्छतागृहं होती. घरी असले तर त्या येताना मी पुस्तक तोंडासमोर धरायची. त्या मुलींमधली महादेवी माझ्याच वयाची. सातवीनंतर ती शाळेत दिसली नाही. कामून, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

तेराव्याला ओसरी भरली होती. मागच्या दाराला कडी लागलेलीच होती. अप्पांनी जाहीर केलं, आत्याच्या नावानं शाळेला कमान बांधायची. माणसं माना डोलवत होती. तेवढ्यात मागं बसलेली महादेवी बोलली. तिची मुलगी आता त्याच शाळेत आहे.

“अप्पा, कमानीखाली बसायचं का पोरींनी?”

कुणी हसलं नाही. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेली लेक काहीतरी बोलून सावरेल, असं त्यांना वाटलं असावं. मी चहाचे कप गोळा करू लागले...

कमानीचा पाया खणून झालाय. वर इंग्रजीत काय लिहायचं ते कळव, असा अप्पांचा निरोप दोनदा आला. मला काही सुचत नाही. अप्पा पेपरची ही पुरवणी शेवटच्या पानापर्यंत वाचतात, म्हणून इथंच लिहिते. अप्पा, कमान नको. भिंतीलगतची ती जागा द्या.

निघायच्या दिवशी मी देवघरात गेले होते. आत्या तिथं वह्या तपासत बसायची. त्याच भिंतीला पाठ टेकून. चुन्यावर तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग अजून आहे. देवाच्या बरोबर शेजारी.