पिंजऱ्यातलं वाळलेलं गवत

लाकडाच्या ताज्या भुशाचा वास नाकात गेला की ते प्रकरण अजूनही जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. नोकरीत खुनाचे, दरोड्याचे बरेच तपास केले. त्यांतले कितीतरी आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे तेवढं वेगळं राहिलं. माणसांची नावं मुद्दाम लिहीत नाही. दोन गिनीपिगची लिहिली तर कुणाची हरकत नसावी.

जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा कार्यभार तेव्हा माझ्याकडे होता. दिवाळी होऊन गेली होती. ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि दर आठवड्याला कुठून तरी बिबट्या दिसल्याचा फोन यायचा. अशाच एका सकाळी डिंगोऱ्याचा एक माणूस ठाण्यात आला. चाळिशीचा, अंगात इस्त्रीचा शर्ट, बोलणं नम्र. आळेफाट्याला त्याचा फर्निचरचा कारखाना होता. बायको आदल्या दिवसापासून घरी नाही, म्हणाला. ठाणे अंमलदारानं मिसिंग दाखल करून घेतली. वय, उंची, अंगावरची साडी, कपाळावरचा तीळ. वायरलेसवरून आसपासच्या ठाण्यांना संदेश गेला.

घरी गेलो तर तिचा मोबाइल चार्जरला लावलेला. चपला दाराशी. घरामागे दहा पावलांवर ऊस सुरू होत होता. गावानं आपला निकाल देऊन टाकला होता, बिबट्यानं नेली. वन खात्याची माणसं बोलावून आम्ही दीड दिवस ऊस पालथा घातला. ओढत नेल्याची खूण नाही, रक्त नाही, साडीचा तुकडा नाही. बिबट्या माणूस नेतो तेव्हा काहीतरी मागे ठेवतो. इथं काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेजारची एक म्हातारी ठाण्यात आली. बाकड्यावर बसायला तयार नव्हती. उभ्यानंच म्हणाली, "साहेब, बिबट्या न्हाई आन काय न्हाई. ती बाई आपणहून घर सोडायची न्हाई."

"कशावरून म्हणता?"

"तिची जनावरं हायेत ना घरात. ती गेली असती तर जनावरं घिऊन गेली असती. पोटच्या पोरीवानी संभाळायची." मग आवाज खाली आणून म्हणाली, "भुशावरनं लई भांडणं व्हायची त्यांची. तुमी एकदा पिंजरा बघा."

पिंजरा मी आधीच्या भेटीत पाहिला होता, पण पाहिला म्हणजे नजर फिरवली होती. पुन्हा गेलो. सोबत आमच्या ठाण्यातली महिला शिपाई होती, आंबेगावच्या डोंगराळ भागातली मुलगी. मागच्या खोलीत लाकडी पट्ट्या आणि जाळीचा मोठा पिंजरा होता. आत दोन गिनीपिग, एक नाचणीच्या रंगाची, एक पांढरी. त्यांची नावं नाचणी आणि साय. पुण्यातल्या भाचीनं घर बदलताना मावशीकडे आणून सोडलेल्या.

पिंजऱ्यात वीतभर भुसा ओतलेला होता. बारीक, पिवळट, पाइनच्या लाकडाचा. दोघी एका कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या. सायचे डोळे चिकटले होते. नाचणी शिंकत होती. एवढ्याशा जनावराची शिंक माणसासारखी ऐकू येते, हे मला त्या दिवशी कळलं.

पिंजऱ्याच्या वर भिंतीला एक कागद चिकटवला होता. नीटनेटकं, शाळकरी अक्षर.

"भुसा घालू नये. बारीक भुसा नाकात जातो. पाइनचा, देवदाराचा तर मुळीच नको, त्याच्या वासानं छाती धरते. पेंढा टोचतो, डोळ्याला लागतो. खाली जुनं सुती कापड. त्यावर साध्या कागदाचे तुकडे. वर मऊ वाळलेलं गवत. गवत ओलं, बुरशीचं नसावं. ओला कोपरा रोज बदलणे."

गावच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "बाईंनी लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर आहे. भुसा आजच्या आज काढा." माझ्याकडे माणूस बेपत्ता होता, त्यामुळे तो विषय मी महिला शिपाईवर सोडला. तिनं सगळा भुसा पोत्यात भरला आणि खाली ठाण्यातली जुनी वर्तमानपत्रं पसरली.

नवऱ्याला चौकशीला बोलावलं. शांत होता. पाण्याचा पेला दिला तर आधी "थँक्यू साहेब" म्हणाला. अशा माणसाला घाई करून चालत नाही. मी कारखान्याचं विचारलं, लाकूड कुठून येतं ते विचारलं. मग म्हणालो, "पिंजऱ्यात भुसा कुणी टाकला?"

"मीच. एवढा चांगला भुसा कारखान्यात पडून असतो. ती मेली कापडं धुवत बसायची, गवत वाळवत बसायची. उंदरांसाठी."

"कधी टाकला?"

"ती गेली त्या दिवशी सकाळी."

"तिनं टाकू दिला?"

त्यानं पेला उचलला, पण प्यायला नाही. शेवटी म्हणाला, "आडवी आली. लाकडाची पट्टी हातात व्हती. एकदाच मारली साहेब. मी कारखान्यात गेलो तवा ती मोरीत तोंड धूत व्हती. संध्याकाळी आलो तर न्हाई."

मोरीच्या फरशीच्या फटीत रक्त मिळालं. पंचनामा केला, नमुने प्रयोगशाळेत पाठवले. गावात ही बातमी पोचली आणि लोकांनी त्याच्या दारावर दगड मारले. तो आळेफाट्याला भावाकडे राहायला गेला. घराला कुलूप लावून किल्ली मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. तिला मारून कुठंतरी पुरलं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. प्रेत तेवढं हवं होतं, त्याशिवाय खुनाची अटक टिकली नसती.

जनावरांना चारा घालायला महिला शिपाई एक दिवसाआड जायची. सहाव्या दिवशी ती परत आली ती थेट माझ्या खोलीत.

"सर, तुम्ही कुणाला पाठवलं होतं का तिकडं?"

"किल्ली तर तूच नेलीस. का?"

"पिंजरा बदललाय."

मी गेलो. वर्तमानपत्रं नव्हती. खाली जुन्या गोधडीचा धुतलेला तुकडा चारी बाजूंनी दुमडून बसवला होता. त्यावर कागदाचे सारखे फाडलेले तुकडे. वर मऊ, हिरवट-पिवळं गवत. भिंतीवरच्या कागदात लिहिलं होतं तसं, त्याच क्रमानं. साय गवतात शिरून झोपली होती. डोळे स्वच्छ पुसलेले.

मी शेजारी चौकशी केली. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "तिचा जीव अडकलाय त्यांच्यात. दुपारच्याला शिट्टी ऐकू येती घरातनं. तिला बघून ती जनावरं तशीच शिट्टी मारायची."

गिनीपिग ओळखीचं माणूस आलं की शिट्टीसारखा आवाज काढतात, हे खरं आहे. पण रिकाम्या, कुलूपबंद घरात ती कुणाला पाहून शिट्टी मारत होती?

पुढच्या दरवाजाच्या कुलपावर मी कागदी सील लावलं, स्वतःची सही केली. मागचं दार आतून कडी लावून बंद होतं. खिडक्यांना गज. आठव्या दिवशी दोन पंचांसमोर सील पाहिलं, जसंच्या तसं होतं. आत गेलो तर गोधडीचा तुकडा दुसरा. गवत ताजं. ओला कोपरा साफ केलेला. मागची कडी लागलेलीच. एक पंच उंबऱ्यावरून मागे फिरला, तो पुन्हा आत आला नाही. मी भुताखेताला मानणारा माणूस नाही, पण त्या खोलीत माझ्या हातावरचे केस उभे राहिले, हे लपवून काय करू?

महिला शिपाई पिंजऱ्यापाशी उकिडवी बसली होती. तिनं मूठभर गवत उचललं, नाकाला लावलं.

"सर, हे इथलं गवत नाय."

"गवतासारखं गवत."

"नाय सर. हे डोंगरातलं. आमच्याकडं तळेघरच्या बाजूला असतं. भात निघाला की आम्ही हे कापून वाळवतो. इथं बांधावर असलं मऊ गवत मिळायचं नाय."

तळेघर म्हणजे तिथून तीन एसट्या बदलून गाठायचं गाव. भूत काही एसटीनं गवत आणत नाही. त्या एका मुठीनं माझा सगळा तपास उलटा केला. वरिष्ठांना पाठवायचा खुनाचा अहवाल टेबलावर लिहून तयार होता. तो मी खणात सारला.

अकराव्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पुढच्या दारानं आत गेलो. बाहेरून हवालदारानं कुलूप लावलं, नवं सील चिकटवलं आणि तो गाडी घेऊन निघून गेला. आम्ही मधल्या खोलीत बसलो. बोलायचं नाही, मोबाइल बंद. दहा वाजले, अकरा वाजले. बाहेर उसाची पानं एकमेकांवर घासत होती. बारा वाजून गेल्यावर गल्लीतले आवाजही थांबले.

एकाएकी नाचणीनं शिट्टी मारली. मग सायनं. लांब, चढत जाणारी शिट्टी, पुन्हा पुन्हा. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांना आलं होतं.

मागच्या दाराच्या फटीतून लोखंडाची एक पातळ पट्टी आत आली. कडीखाली गेली. कडी हळूहळू, आपोआप उचलली जावी तशी वर गेली आणि आवाज न करता बाजूला झाली. दार उघडलं. जी बाई मेली असं मी धरून चाललो होतो, तीच खांद्यावर गवताची पिशवी घेऊन आत आली. कपाळावर तिळाच्या वर अर्धवट भरलेली जखम होती. ती पिंजऱ्यापाशी बसली आणि दोन्ही हात आत घातले. शिट्ट्या थांबल्या.

महिला शिपाई हलकेच म्हणाली, "ताई, भिऊ नका."

ती ओरडली नाही. मान वळवून तिच्या वर्दीकडे पाहिलं. म्हणाली, "भुसा कुणी काढला व्हता पयल्यांदा?"

"मी."

"बरं केलं. साय मेलीच असती."

मी पुढे झालो. मला पाहून मात्र ती भिंतीला टेकली. मी लांबच खाली बसलो. हळूहळू सगळं समजलं. डोकं फुटल्यावर ती नेसत्या साडीनिशी, अनवाणी, उसातूनच निघाली होती. तळेघरला तिची शाळेतली मैत्रीण अंगणवाडीत काम करते. तिच्याकडे राहिली. पिंजरा घेऊन निघाली असती तर फाट्यावर शंभर जणांनी विचारलं असतं, कुठं चाललीस. म्हणून ती दर दोन-तीन दिवसांनी पहिल्या एसटीनं यायची, डोक्यावरून पदर घेऊन, आणि शेवटचा टप्पा उसातून चालायची.

"कडी बाहेरून उघडायला कुठं शिकलात?" मी विचारलं.

"त्यो मला रातीचा बाहेर काढून कडी लावायचा. चौदा वर्सं झाली. शिकले."

"आणि जाताना?"

"तसंच. पट्टीनं परत लावायची."

"उसात बिबट्या आहे. भीती नाही वाटली?"

"बिबट्या दार लावून घेत न्हाई, साहेब."

मी म्हणालो, "बाई, तुमचा नवरा खुनात अडकला असता. एवढं होत होतं तर ठाण्यात का नाही आलात?"

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "आले व्हते की. तुमीच बसला व्हता."

मला आठवेना. ठाण्यात परतल्यावर मी मागल्या वर्षीचं अदखलपात्र गुन्ह्यांचं रजिस्टर काढलं. दोन तास लागले. नोंद सापडली. बाईची तक्रार, पती मारहाण करतो. पतीस ठाण्यात बोलावले. उभयतांस समज दिली. तक्रार नाही असे सांगून अर्जदार निघून गेली. खाली माझी सही. तेव्हा मी दोघांना चहा पाजला असणार. भांड्याला भांडं लागतंच, असं काहीतरी म्हणालो असणार. ते मी अनेकांना म्हणायचो. मग तिला त्याच्याच मोटरसायकलवर बसवून घरी पाठवलं असणार.

मिसिंग निकाली काढली. ती सज्ञान होती, कुठं राहायचं हे ठरवण्याचा हक्क तिचा होता, तसा जबाब नोंदवला. पत्ता नवऱ्याला कळवला नाही. या वेळी दुखापतीचा गुन्हा रीतसर दाखल केला, वैद्यकीय दाखला जोडला, आरोपपत्र पाठवलं. कोर्टात ती तीन वेळा आली, एकदाही डगमगली नाही. त्याला शिक्षा झाली. मला हवी होती तेवढी नाही, पण झाली. नाचणी आणि साय दोघींना आम्ही ठाण्याच्या जीपमधून तळेघरला पोचवलं. वाटेत महिला शिपाईनं पिंजरा मांडीवर घेतला होता.

पुढच्या नोकरीत मी एक नियम पाळला. मारहाणीची तक्रार घेऊन बाई आली की नवऱ्याला आधी बोलवायचं नाही. तिला महिला शिपाईजवळ बसवायचं आणि आज झोपायला कुठं जाणार, एवढं विचारायचं. काही बायका लगेच सांगायच्या. काही बराच वेळ गप्प बसायच्या, आणि आम्हीही बसायचो.

तरुण अधिकारी कधीतरी भेटतात, अनुभव विचारतात. सील, मोबाइल कॉलच्या नोंदी, प्रयोगशाळा, सगळं महत्त्वाचं आहे, त्यांना सांगतो. पण माझा स्वतःचा हिशेब मला ठाऊक आहे. ती बाई जिवंत, माझ्यासमोर खुर्चीवर बसली होती तेव्हा मी तिला दहा मिनिटं दिली. ती मेली असं वाटल्यावर अकरा दिवस दिले.