धाकलूबुवांचे नाक

परमेश्वराने जीभ दिली ती त्याचे नाम घ्यायला, कान दिले ते नाम ऐकायला. मग नाक कशासाठी? सज्जनहो, लोधिवलीच्या धाकलूबुवांना हा प्रश्न उतारवयात पडला, आणि पडला त्या दिवसापासून त्यांची मान वर झाली नाही.

तरुणपणी धाकलू मीठ आणि सुकी मासळी बैलावर लादून चौक गावापासून कशेळ्याच्या वरच्या ठाकरवाड्यांपर्यंत हिंडत असे. ज्या वाडीत उतरावे तिथे मोहाच्या दारूचा द्रोण पुढे यायचा, आणि नको म्हणणे म्हणजे घरधन्याचा अपमान. बारा वर्षे अशी गेली, आणि कुणी न शिकवता त्याला एक विद्या आली. द्रोण नाकाशी नेताच तो वाडीचे नाव सांगे. ही फुले सारवलेल्या अंगणात वाळली, ही चुलीवरच्या धुरात. हे पाणी ओढ्याचे. या मडक्याखाली ऐनाचे लाकूड जळले. मोहाचे फूल सगळीकडे तेच, पण प्रत्येक डोंगर त्याला आपली बोली शिकवतो, असे तो म्हणे.

त्यातली सर्वांत गोड बोली कोंडीच्या भट्टीची. कोंडी ही कशेळ्यावरच्या वाडीतली विधवा. फुले ती उघड्या कातळावर वाळवी, तीन उन्हे. चौथे ऊन लागू देत नसे. पाणी एकाच झऱ्याचे, मग तो आटला की भट्टीही बंद. लोक लग्नाच्या तिथी तिच्या मडक्याकडे बघून धरीत.

चाळिशीत धाकलूने माळ घातली. धाकलूचे धाकलूबुवा झाले, भजनात टाळ धरू लागले. पिणे सुटले, पण नाक कुठे सुटते? भजनाच्या विसाव्यात कुणीतरी रिकामी बाटली पुढे करी, "बुवा, सांगा बघू!" बुवा डोळे मिटून वाडी सांगत आणि मंडळी टाळ्या पिटत. शिवलो तर नाही, वास तर घेतला, अशी बुवा मनाची समजूत घालीत. त्या टाळ्या त्यांना भजनाइतक्या गोड लागत. हेच ते पाप, सज्जनहो. बाकीचे सगळे त्याच्या पोटचे.

शके अठराशे उलटले आणि सरकारने घरोघरच्या भट्ट्या बंद केल्या. दारू आता ठेक्याच्या दुकानातच मिळायची. त्या उन्हाळ्यात बुवा शेतसाऱ्याच्या कामासाठी खालापुरास गेले. कचेरीच्या ओट्यावर आबकारीचे, म्हणजे दारूखात्याचे, कारकून आबाजी पान जुळवीत बसले होते. शेजारी कुणाच्या तरी बैलगाडीत सापडलेली चोरट्या दारूची एक बाटली.

"या बुवा! तुमच्या नाकाची कीर्ती इथवर आली बरं का. का उगाच लोक फुगवून सांगतात?"

चार माणसे हसली. बुवांनी बाटली घेतली, बूच काढले, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"फुगवून? अहो, ही कातळावरची फुलं. तीन उन्हांची. झऱ्याचं पाणी. कशेळ्याच्या वर एकच बाई असं करते. कोंडीची भट्टी! हिच्यासारखी पंचक्रोशीत दुसरी नाय."

"वा!" आबाजी म्हणाले. टाळ्या पडल्या. बुवा त्याच आनंदात घरी आले. आपण साक्ष देऊन आलो, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

पाचव्या दिवशी शिपाई वाडीवर चढले आणि कोंडीची मडकी फोडून आले.

ही वार्ता बुवांना कशेळ्याच्या बाजारात नामा तेल्याने सांगितली. "आणि बुवा, फितूर कोण निघाला म्हायतीय? तिचाच दीर, लडकू! त्या आठवड्यात हिरडा इकायला खालापुरास गेलता म्हनं. वाडीनं त्याला वाळीत टाकलाय. चुलीला इस्तव देत नाय कुनी."

बुवांच्या हातातली पिशवी गळून पडली. टाळी वाजली ती आपल्यासाठी, आणि चूल विझली ती लडकूची!

पण लगेच उठून वर गेले म्हणाल, तर नाही. पुढे दोन एकादश्या गेल्या. बुवा भजनाला बसत, तोंडाने विठ्ठल म्हणत आणि मनात लडकूची थंड चूल बघत. अखेर एका सकाळी बायको आनंदीबाई म्हणाली, "टाळ चुकतोय तुमचा. कुठं जायचंय तिथं एकदा जाऊन या."

बुवा गेले. वाडीचे पंच चिंचेखाली जमले. कमळ्या त्यांतला वडीलधारा. बुवांनी पागोटे काढून मातीत ठेवले आणि झाले ते सगळे सांगितले, टाळ्यांसकट.

मग कोंडीने विचारले, "दादा, तू तिथं काय बोललास? माझी दारू बरी हाय म्हनलास, का वंगाळ?"

"हिच्यासारखी दुसरी नाय म्हनलो, बाय."

"मंग खरं बोललास," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. शिव्या दिल्या असत्या तर बुवांना सोसल्या असत्या.

कमळ्या म्हणाला, "चुकीला दंड दारूचा, ही आमची रीत. भट्टी तर तुमीच मोडवली. आता ठेक्याच्या दुकानातनं चार बाटल्या आना, कर्जतच्या बाजारातनं. उघड्या आनायच्या. फडक्यात गुंडाळून नाय."

गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, दोन्ही हातांत दारूच्या बाटल्या. असे धाकलूबुवा भर दुपारी कर्जतच्या बाजारातून चालले. ज्यांनी त्यांच्या पायांवर डोके ठेवले होते ते वाटेतून बाजूला झाले. पदू सोनार ओरडला, "बुवा, आज एकादशी ना?" बुवा चालत राहिले. खोटे सांगायला सुचले असते. पण खोट्याची चव त्यांना आता नको होती.

वाडीवर कमळ्याने पहिला द्रोण भुईवर ओतला आणि दुसरा लडकूच्या हाती दिला. लडकू प्यायला, तसा तो पुन्हा जातीत आला. कोंडीने आपला द्रोण हुंगून खाली ठेवला. "ह्याला कुठलाच डोंगर नाय," एवढेच ती म्हणाली.

रीतीप्रमाणे शेवटचा द्रोण चुकलेल्याचा; तो प्याला की चूक फिटली. बुवांनी ओंजळ पुढे केली. माळ तुटली तरी तुटो, एवढा दंड तरी आपल्याकडून भरला जावा, असे त्यांनी ठरवले होते.

"त्याला नको," कोंडी म्हणाली. "माळकरी हाय तो."

तिने तो द्रोण उचलून जैतू म्हाताऱ्याला दिला. बुवांची ओंजळ रिकामीच पुढे राहिली. पंच उठले. लडकू चुलीसाठी इंगळ मागायला शेजारच्या दारी गेला. जाताना तो बुवांच्या अगदी जवळून गेला. बुवा उन्हे कलेपर्यंत तिथेच बसून होते.