सोनाक्काची सूज

जेवण झालंय, औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय. खुर्चीतच मान कलते, पंख्याची घरघर लांब जाते आणि काउंटरपलीकडे सोनाक्का उभी दिसते. माझी थोरली बहीण. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

"शिरपा, सूज उतरायची गोळी दे."

माझा हात आपसूक खणाकडे जातो. तेव्हाही असाच गेला होता. अक्का खानावळीत दिवसभर उभी राहून चपात्या लाटायची. पाय सुजतात म्हणाली. मी म्हणालो, उभं राहून होतं, लोणचं-पापड बंद कर, झोपताना पायाखाली उशी घे. वर लघवीवाटे पाणी उतरायची गोळी दिली. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. चार दिवसांत पाय उतरले. ती खूश, मीही खूश.

"आता गोळी नको, अक्का. आधी डॉक्टरकडे चल."

"आता?" ती हसते.

काउंटर खानावळीचा ओटा झालाय. तव्यावर चपाती करपतेय, पण अक्का उलटत नाही. तिच्या चपलेचे पट्टे मांसात रुतलेत.

"आडवं झालं की दम कोंडायचा. तीन उशांना टेकून बसूनच झोपायचे मी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पायाचंच विचारलंस."

तिचं हृदय थकलं होतं, म्हणून पाणी साचत होतं. ते आम्हाला तिच्या शेवटच्या आठवड्यात कळलं.

"चुकलो गं."

आता आम्ही गावच्या नदीकाठी पायरीवर बसलोय. पाणी आवाज न करता वर चढतंय. अक्का माझा पाय ओढून मांडीवर घेते.

"तुझं बघू."

"मला काय झालंय? दिवसभर उभा असतो म्हणून जरा..."

माझंच वाक्य मला ऐकू येतं. अक्का नडगीवर अंगठा ठेवते आणि दाबते. दाबतच राहते.

कळ येते, मी जागा होतो. पंखा, शटर, दुकान. पँट वर करतो. नडगीवर अंगठ्याएवढा खड्डा आहे. भोवतीची कातडी ताणलेली, चकचकीत. मी बघत राहतो. खड्डा भरत नाही.

शटर पूर्ण खाली ओढतो. समोरच्या डॉक्टरीणबाईंना तो खड्डा भरायच्या आत दाखवायचाय, म्हणून पँट तशीच गुडघ्यापर्यंत दुमडून मी भर बाजारातून निघतो.