तार काढून पाहणाऱ्या आपा

आपांना कुणी येऊन "चालू झालं" असं सांगितलं, तरी त्यांचा चेहरा खुलत नसे. त्या शांतपणे विचारायच्या, "बंद करून पाह्यलं काय?" यंत्र एकदा बंद केलं, पुन्हा सुरू केलं आणि तरीही चाललं, तरच आपांच्या लेखी ते चाललं.

बुलढाण्याला एक संस्था कापूस लावणाऱ्यांसाठी फोनवरून सल्ला देणारं केंद्र चालवत असे. बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही या भरवशावर लोकांनी बियाणं घेतलं होतं आणि आता गुलाबी अळी बोंडात जाऊन बसली होती, ती ही वर्षं. फोनची सुरुवात फवारणीच्या प्रश्नाने व्हायची आणि बोलता बोलता माणूस घरातलं सांगू लागायचा. फोन घ्यायला वंदनाताई आणि आणखी तिघी होत्या. मागच्या खोलीत एका लिनक्स सर्व्हरवर ही सगळी फोनव्यवस्था चाले. तिथं आपा आणि त्यांच्या हाताखाली मी.

आपा सोनाळ्याच्या. वडील पिंजारी, गाद्या भरून द्यायचे. गादी शिवून झाली की ते आधी स्वतः तिच्यावर लोळून पाहायचे. पहिली लोळण गिऱ्हाइकाने घ्यावी हे त्यांना मंजूर नव्हतं. हे सांगताना आपांच्या बोलण्यात कौतुक असायचं, पण आपण बापाचाच कित्ता गिरवतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

आमच्या त्या एका यंत्राच्या पोटात चार आभासी यंत्रं चालत. एक फोन जोडून देणारं, एक आलेल्या फोनची नोंद ठेवणारं, अशी. बाहेरून येणारी तार मात्र एकच. ती चौघांत वाटून देणाऱ्या जोडणीला आम्ही ब्रिज म्हणायचो. ब्रिज पडला, की चारही यंत्रं आतल्या आत जिवंत, पण बाहेरच्या जगाला मुकी.

एका वर्षी लिनक्सची नवी आवृत्ती आली आणि ब्रिजची मांडणी करायची जुनी साधनं जाऊन नवी आली. आपांनी अडगळीतलं एक जुनं यंत्र टेबलावर मांडलं आणि तपासणी सुरू केली. शंभर पानी वही, दर पानावर एक प्रयोग: काय टाइप केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता बदलून पाहायच्या, मुद्दाम चुकीचा देऊन पाहायच्या. हुकूम अर्धवट चालला असताना उठून तार काढून टाकायच्या आणि यंत्र काय करतं ते बघत बसायच्या. आठव्या दिवशी मी कंटाळून म्हणालो, "आपा, ज्यांनी बनवलं त्यांनी तपासलंच असेल ना?"

"त्याईनं त्याईच्या घरी तपासलं," आपा म्हणाल्या. "आपल्या घरची लाइट त्याईले काय माईत?"

तपासणी संपत आली असताना सोनाळ्याहून वडील आजारी असल्याचा निरोप आला. तीन प्रयोग राहिलेत, मी येईपर्यंत सर्व्हरला हात लावू नको, एवढं बजावून आपा गेल्या. इकडे फवारणीचे दिवस तोंडावर आले होते आणि त्याआधी बदल उरकायची संस्थेच्या साहेबांना घाई होती. त्यांनी मला बोलावून विचारलं, तुला जमणार नाही का? जमेल, म्हणालो. नवं साधन चालवून ब्रिज मांडला, फोन वाजले. आपांना मात्र कळवलं नाही. त्या नको म्हणतील हे मला माहीत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी लाइट गेली. दुसरबीडकडच्या एका बाईचा फोन चालू होता. फवारणी करून आलेला नवरा ओकत होता, त्याला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, इथवर वंदनाताई आल्या आणि सर्व्हर चालू ठेवणारी बॅटरीही संपली. फोन तुटला. अर्ध्या तासाने लाइट आली, सर्व्हर उठला, पण फोन उठले नाहीत. त्या बाईचा नंबरही त्या मुक्या यंत्रातच होता. वंदनाताई दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी मोबाइलवरून आपांना फोन लावला आणि केलं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. स्क्रीनवर ब्रिज दिसतो का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "वही काढ. एकतिसावं पान."

तिथं सगळं लिहिलेलं होतं. नव्या साधनाने केलेला बदल चालू यंत्रापुरताच असतो. तो कायमचा नोंदवायचा हुकूम वेगळा द्यावा लागतो, नाहीतर पुन्हा सुरू केल्यावर ब्रिज नाही. खाली चार ओळींत उपाय. दर ओळ आपांनी मला मोठ्याने वाचायला लावली आणि मगच बटण दाबू दिलं. चौथ्या ओळीनंतर पलीकडे फोन वाजला.

वंदनाताईंनी नंबर शोधून लावला. शेजाऱ्याच्या ऑटोतून ते दवाखान्यात निघाले होते, फवारणीच्या औषधाचा डबा बांधावरच राहिला होता. डॉक्टरांना औषधाचं नाव कळायला हवं, डबा आणायला कुणाला तरी मागे पाठवा, असं ताईंनी सांगितलं. माणूस वाचला. पाच दिवसांनी घरी आला, असं बायकोनेच फोन करून कळवलं.

आपा परतल्या तेव्हा मी माफीची वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांनी ती बोलू दिली नाहीत. "बदल केला त्याचं काई नाई. मले सांगितलं काऊन नाई? ते पान मले पाठ होतं." मग राहिलेले तीन प्रयोग त्यांनी माझ्याकडून करून घेतले. दोन दिवस लागले.

पुढे दोन वर्षांनी संस्थेने केंद्र बंद करायचं ठरवलं. आम्ही सगळे दुसऱ्या नोकऱ्यांसाठी अर्ज लिहीत बसलो होतो. आपांनी फोनची नोंद उघडली आणि वारंवार फोन करणाऱ्यांची यादी काढली. इतक्या वर्षांत त्या फोनवर कधी बसल्या नव्हत्या. शेवटचे तीन दिवस त्या वंदनाताईंच्या खुर्चीत बसून एकेकाला फोन लावत होत्या: हा नंबर सोमवारपासून लागणार नाही, कृषी सहायकाचा नंबर लिहून घ्या. काही जण बराच वेळ बोलत राहत, आपा ऐकत राहत. पत्र पाठवलं असतं तरी चाललं असतं, असं मी म्हणालो.

रिसीव्हरवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "फोन लागला नाई, तं त्याईले वाटीन आपलंच काई चुकलं." आणि त्यांनी पुढचा नंबर फिरवला.