राणीच्या मुकुटातली पानं

गेशे ओल्टमन्सची सारी हयात ओल्डेनबुर्ग या जर्मन शहरातल्या एका प्रयोगशाळेत उंदरांची उस्तवार करण्यात गेली. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, आणि डॉक्टर सांगतील ते उंदीर मान मोडून मारायचे. हात हलका, मरण झटपट, असा तिचा लौकिक. त्या लौकिकाचं काय लोणचं घालायचंय, असं ती म्हणे.

त्या हिवाळ्यात डॉक्टर रेंट्स आतड्यातल्या एका रिसेप्टरच्या मागे लागले होते. पेशींमधला हा पहारेकरी. धुराड्याचं विष आणि ताटातला कोबी, दोन्ही ओळखतो. कोबीच्या जातीची भाजी पोटात गेली की तो जागा राहतो, आतडं सांभाळतो. ती भाजी बंद केली तर काय, हे बघायचं होतं. म्हणून एका पिंजऱ्याला भाजीचा अंशही नसलेल्या खाद्याच्या नुसत्या पांढऱ्या गोळ्या, आणि पाण्यातून आतडं सुजवणारं औषध. उंदीर वाळले, रक्त हगू लागले. डॉक्टर खूश.

अशातच प्रयोगशाळेची केलची सहल निघाली; केल म्हणजे कोबीच्याच जातीची, तिकडची हिवाळी पालेभाजी. दारूची हातगाडी ओढत गावाबाहेर चालायचं आणि सॉसेजबरोबर केलची भाजी चापायची. सर्वांत जास्त हादडली गेशेनं, म्हणून सहलीच्या रिवाजाप्रमाणे तीच राणी. गळ्यात डुकराच्या जबड्याचं हाड, डोक्यावर केलच्या पानांचा मुकुट. आपलं पोट तट्ट फुगलेलं आणि ते बिचारे तिकडे रक्त हगतायत, हे तिला सहन होईना. मग रोज मुकुटातलं एकेक पान तिनं त्या पिंजऱ्यात टाकलं.

उंदीर सुधारले. भुशात डॉक्टरांना देठ सापडला.

"हे काय, राणीसाहेब?"

"बरे झालेत हो ते! बघा, कसे टुणटुणीत. मी घरी नेते यांना."

"बरे झाले म्हणूनच वाया गेले. इथून जिवंत काही बाहेर जात नाही, हे तुम्हाला मी सांगायचं, बाई? आजच संपवा. उद्या नवे येतील. पुन्हा पांढऱ्या गोळ्या, पुन्हा औषध."

"म्हणजे तेही रक्त..."

"पान टाकण्याआधी सुचायला हवं होतं."

तिला स्वतःचा भयंकर संताप आला. तिच्या दयेपायी आता दुसरे तितकेच मरणार होते, आणि आधी कुथणार होते.

तिनं झाकण उघडलं. एरवी उंदीर कोपऱ्यात दडत. आज सगळे धावत आले, मागच्या पायांवर उभे राहिले आणि पान कुठंय म्हणून तिची बोटं हुंगू लागले.

तिनं पहिला उचलला. हात हलकाच होता.